ब्रेमेन चौक आणि चार तासांचं सत्र

औंधकडे जाताना ब्रेमेन चौक लागतो. रिक्षावाल्याला 'ब्रेमेन' म्हटलं की तो बरोबर तिथे सोडतो. हे ब्रेमेन आहे तरी काय, असं मात्र कुणी विचारत नाही. ते जर्मनीच्या उत्तरेचं बंदराचं गाव, पुण्याचं मैत्रीशहर, म्हणून चौकाला त्याचं नाव. नाचाशी संबंध असलेल्या माणसाला या नावात एक गंमतशीर योगायोग दिसतो. १९६८ साली आपल्याकडे संभाजी बागेशेजारी बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. त्याच साली ब्रेमेनच्या नाट्यगृहात योहान क्रेस्निक हा नृत्यदिग्दर्शक रुजू झाला आणि बॅले शिकलेल्या नर्तकांकडून भांडखोर, राजकीय नृत्यं करून घेऊ लागला. पुढे 'टान्सथिएटर' (नाच आणि नाटक यांचा मेळ) म्हणून जगभर गेलेला प्रवाह ज्या गावांतून निघाला, त्यांतलं ब्रेमेन एक. म्हणजे समकालीन नृत्याच्या एका माहेराचं नाव आपण चौकाला दिलं, आणि त्या नृत्यासाठी शहरात एक धड जमीन अजून नाही. जमीन म्हणजे बिल्डरवाली नव्हे. पाय आपटले तर गुडघा शाबूत राहील अशी लाकडी, खाली थोडी लवचीक, नाचायची जमीन.

परदेशी मंडळींबरोबर पुण्यात समकालीन नृत्याचे जे प्रयोग उभे राहतात, त्यांचं इथलं काम मी काही वर्षं केलं आहे. पत्रिकेवर 'स्थानिक समन्वयक' छापतात. प्रत्यक्षात टेम्पो ठरवायचा, तारीख मिळवायची, पाहुण्यांसाठी बिनतिखट जेवण शोधायचं, आणि एका कार्यालयात "संहिता कुठाय?" या प्रश्नाला "साहेब, यात बोलतच नाहीत" हे उत्तर तीनदा द्यायचं. या कामात पैसा फार नसतो, पण बघायला पुष्कळ मिळतं. जे बघितलं त्यावरून माझं एक मत झालं आहे: या देवाणघेवाणीत घेवाण भरपूर आहे, देवाण आपल्याकडून जवळजवळ होत नाही. आपण पाहुणचार करतो, हार घालतो, शेवटी व्यासपीठावर फोटो काढतो. प्रयोगात आपला वाटा टाकत नाही. आणि ज्याचा वाटा नाही त्याला बोलण्याचा अधिकारही राहत नाही.

आधी तो जुना वाद बाजूला ठेवू. परदेशी संगतीने आपलं नृत्य बिघडतं का, हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच. १९२३ साली लंडनमध्ये उदय शंकर रशियन बॅले नर्तकी आना पावलोवाबरोबर राधा-कृष्ण नाचले. त्याच पावलोवाने पुढे भरतनाट्यमसाठी ओळखल्या गेलेल्या रुक्मिणीदेवींना आपल्याच परंपरेकडे वळायला सुचवलं. १९८४ साली मुंबईत माक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक संस्थेने पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरवला, तेव्हा बरीच वर्षं नाचापासून लांब गेलेल्या चंद्रलेखा परतल्या, आणि त्यानंतर त्यांनी भरतनाट्यमची जी चिरफाड आणि जी बांधणी केली तिच्यावाचून आजच्या भारतीय समकालीन नृत्याची गोष्टच सांगता येत नाही. त्या संवादात जर्मनीहून आलेल्या सुझान लिंके पुढे १९९० च्या दशकात ब्रेमेनच्या नृत्यकंपनीच्या प्रमुख झाल्या. (हे समजल्यापासून मी त्या चौकात सिग्नलला थांबलो की उगाच मान लववतो.) पुण्यापुरतं बोलायचं तर रोहिणीताई भाटे १९५२ मध्ये सरकारी शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आल्या होत्या, आणि इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी स्वतः मराठीत आणलं. १९४७ पासून नृत्यभारतीत मुलींना कथक घोटवून घेणाऱ्या बाईला अनवाणी, मोकळ्या केसांनी नाचणाऱ्या त्या अमेरिकन बाईबद्दल इतकं वाटावं की तिचा शब्द न् शब्द मराठीत बसवावा, यापुढे शुद्धतेच्या वादाला काही अर्थ उरतो असं मला वाटत नाही.

रोहिणीताईंच्या त्या कामातली एक गोष्ट मात्र उचलून ठेवण्यासारखी आहे. त्यांनी इसाडोराला बोलावलं नाही, तिला मराठीत आणलं. तिला आणण्याची मेहनत इथल्या माणसाने केली.

आता बालगंधर्वसारख्या आपल्या रंगमंदिरांचा हिशोब पाहा. रंगमंदिर मिळतं ते सत्रावर: सकाळ, दुपार, रात्र. एक सत्र चार-साडेचार तासांचं. त्यात आत शिरायचं, उभारायचं, करायचं, आवरायचं. मराठी नाटकाने या अटीत राहून एक अचाट कौशल्य कमावलं आहे. आमचे बॅकस्टेजवाले तासाभरात दिवाणखाना उभा करतात, भिंतीवरच्या घड्याळासकट. त्यांना माझा कायमचा नमस्कार. पण नृत्याचा प्रयोग या साच्यात बसत नाही. त्याला आधी व्हिनाइलची जमीन अंथरावी लागते, नाचणारे तिला मार्ली म्हणतात. तिचे पट्टे शेजारी शेजारी ताणून चिकटवायचे, सुरकुती राहिली तर घोटा गेला. मग विंगेतून येणारे दिवे: घोट्याच्या उंचीवर एक, कमरेला एक, डोक्यावर एक. ते लावून भागत नाही, नर्तक प्रत्यक्ष हलत असताना जुळवावे लागतात, कारण शरीर कुठे उजळावं आणि कुठे विझावं हीच त्या कलाकृतीची अर्धी भाषा असते. युरोपातल्या बऱ्याच नाट्यगृहांत यासाठी मंडळींना एक-दोन दिवस रंगमंच मोकळा मिळतो.

एकदा असं झालं की आमच्या आधी नाटक होतं. नाटक रंगलं, टाळ्या झाल्या, प्रमुख नटाने प्रयोगसंख्येनिमित्त भाषण केलं आणि ते भाषणही रंगलं. आमचं सत्र पाऊण तास उशिरा सुरू झालं. आमचा प्रकाशयोजनाकार, शिडीवर बसण्यात आयुष्य घालवलेला शांत गृहस्थ, घड्याळाकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून बघत होता. वेळ वाढवून मागायला गेलो तर खिडकीतून उत्तर आलं, "नाचच आहे ना? मग सेट कुठाय लावायला?" प्रयोग अर्ध्या दिव्यांत झाला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका रसिकाने फोनवर सांगितलं, "चांगलं होतं हो, पण काही दिसत नव्हतं. ते मॉडर्नमध्ये असंच असतं ना?" मी हो म्हणालो. काय सांगणार!

त्या प्रयोगाची तालीम तीन आठवड्यांची होती, आणि तिथे घडलेली एक गोष्ट मला या सगळ्या विषयाच्या गाभ्याशी नेते. नर्तकांत कथक शिकलेली एक मुलगी होती, पंधरा वर्षांचा रियाज. पहिले दोन आठवडे परदेशी दिग्दर्शक तिला सांगत होता, चेहऱ्याने बोलू नकोस, वजन खाली सोड, जमिनीला घाबरू नकोस. ती प्रयत्न करत होती आणि रोज संध्याकाळी पाठ धरून घरी जात होती. कथकचा कणा वर ताठ असतो, पाय जमिनीला ठोकत असतात. जमिनीवर लोळायला, तिच्यात विरघळायला शरीर शिकलेलंच नसतं. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी दिग्दर्शक कंटाळला आणि म्हणाला, तू तुझं काहीतरी कर, मी बघतो. तिने घुंगरांशिवाय तत्कार, म्हणजे पायांचा मूळ ठेका केला, मग एक तिहाई: तोच तुकडा तीनदा, आणि शेवटचं पाऊल समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. त्याने विचारलं, हे शेवटचं पाऊल आलं नाही तर? ती म्हणाली, म्हणजे? तो म्हणाला, त्याच्या आधी थांब.

तिला थांबता येईना. खरंच येईना. तिसरा 'धा' समेवर पडायचाच. समेच्या अलीकडे थांबायचं म्हटलं की सगळं अंग बंड करून उठायचं. दोन दिवस तिने हे एवढंच केलं. शेवटी जमलं तेव्हा ती एका पायावर, दुसरा पाय अधांतरी, अशी उभी राहिली आणि सम तिच्यावाचून निघून गेली. तालमीला बसलेल्या आमच्या तबलजीच्या तोंडून "आईगं" निघालं.

प्रयोगात त्या जागी मी प्रेक्षागृहाकडे पाहत होतो. अंधारात शेकडो माना समेला आपोआप हलल्या. नर्तकी थांबली होती आणि तिची सम पुण्याच्या लोकांनी पूर्ण केली. इतकं विलक्षण काही मी रंगमंचावर, म्हणजे रंगमंचाखाली, क्वचित पाहिलं आहे. सवाईच्या मांडवात रात्रीच्या रात्री बसून ज्यांच्या माना तयार झाल्या, त्यांच्यासमोरच हे घडू शकत होतं.

पुढे हाच प्रयोग युरोपात गेला. त्या मुलीने तिथून कळवलं की ती जागा कापली. तिथल्या प्रेक्षकांना 'पोचत नव्हती'. आता यात दिग्दर्शकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या प्रेक्षकाला सम माहीत नाही आणि त्याला तिथे तिकिटं विकायची आहेत. माझा मुद्दा निराळा आहे. ती जागा तिसऱ्या आठवड्यात सापडली, म्हणजे निधी संपत आला तेव्हा. पुण्यात प्रयोग झाला एक. तिकडे अनेक. ज्या शहरात ती जागा जिवंत होती त्या शहराकडे तो प्रयोग दुसऱ्यांदा करायला ना तारीख होती, ना पैसे, ना निर्माता म्हणून नाव. आपण त्या प्रयोगात भागीदार असतो तर म्हणालो असतो, पुण्याच्या खेळात ती जागा राहील. असं म्हणायला आपण होतो कोण?

पैशाची बाजू थोडक्यात. पुण्यात असे प्रयोग होतात ते बहुतेक माक्स म्युलर भवन, आलियाँस फ्राँसेझ यांसारख्या परदेशी सांस्कृतिक संस्थांच्या जिवावर, आणि त्यांचे उपकार मानायलाच हवेत. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधी कायद्याप्रमाणे एका संस्थेला मिळालेला असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे कर्वेनगरातला एखादा छोटा नृत्यगट मोठ्या संस्थेमार्फत थोडा निधी घेऊन आपल्या मनाने खर्च करेल, ही वाट बंद. विमानाची तिकिटं, हॉटेल, सभागृह, सगळं पलीकडूनच भरलं जातं, आणि भरणाऱ्याच्या हाती निर्णयही जातो. इकडे आपल्या कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीची यादी काढली तर तिथे वारसा, कला, संस्कृतीचं जतन आणि 'पारंपरिक कलां'चा विकास असे शब्द आहेत. चाकण-हिंजवडीतल्या कुठल्या अधिकाऱ्याला समकालीन नृत्य दाखवा. तो यादी पाहतो, तुमच्याकडे पाहतो आणि वारीत पाण्याच्या बाटल्या वाटायला पैसे देतो. त्याचंही चूक नाही.

मग पुण्याला हे जमतच नाही का? जमलं आहे, आणि अगदी आपल्या डोळ्यांदेखत. १९८० च्या दशकात मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स ही बालनाट्याची चळवळ पुण्यात आणली. मोठ्या माणसांनी मुलांच्या भूमिका करायच्या, परीराणीऐवजी मुलांचे खरे प्रश्न मांडायचे. मदत जर्मनांची होती, नाटकांचा मूळ साचा जर्मन होता. पण ती नाटकं मराठीत नव्याने लिहिली गेली, त्यातले जिने आणि शेजारी पुण्याचे झाले, नटांचा संच टिकला, तिकीट लावून प्रयोगांमागून प्रयोग झाले. ज्या मुलांनी ती पाहिली त्यांनी पुढे आपली मुलं नेली. आज ग्रिप्सला कुणी परदेशी म्हणत नाही.

यावर माझी एक नृत्यांगना मैत्रीण म्हणते, "नाटकाला शब्द असतात, ते बदलता येतात. नाचाचं रूपांतर कसलं करणार?" आक्षेप खरा आहे. पण ती समेची जागा म्हणजे रूपांतरच होतं. 'अपेक्षित ठिकाणी न पोचणं' ही त्या दिग्दर्शकाची कल्पना. ती मराठी कानाच्या शरीरात उतरली आणि तिला नवा अर्थ आला. शब्दाचं रूपांतर टेबलाशी बसून होतं. शरीराचं व्हायला तीन आठवडे कमी पडतात, एवढाच त्यातला फरक. दुसरं उदाहरण हवं असेल तर न्यू यॉर्कमध्ये ब्रुकलिनला २००१ पासून मार्क मॉरिस यांच्या नृत्यकंपनीने पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. तशाच वाटेचं काम पुण्यात हृषीकेश पवार यांनी इथल्या रुग्णांबरोबर केलं आहे. जर्मनीत शिकून आलेला समकालीन नर्तक आणि हात थरथरणारे पेन्शनर काका-काकू! ते टिकलं, कारण ते एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी उभं केलेलं नव्हतं. पुन्हा पुन्हा भेटणं हा त्याचा पायाच होता.

आणि उलट दिशेचंही पाहू. पुण्यातून जगात गेलेल्या हालचालींच्या रचनांमध्ये सर्वांत गाजलेली कुठली म्हणाल तर मी 'घाशीराम कोतवाल'मधली माणसांची भिंत म्हणेन: कृष्णदेव मुळगुंद यांनी बसवलेली, डुलणारी, गाणारी, क्षणात पाठ फिरवणारी ब्राह्मणांची ओळ. ते नाटक १९७२ मध्ये पुण्यात उभं राहिलं आणि १९८० मध्ये युरोपात गेलं. मधली आठ वर्षं ते इथे भांडत, बंद पडत, पुन्हा उभं राहत झालं होतं. तिकडे पोचलं ते इथे पक्कं होऊन. कुणी तिकडे बसून त्यातली ओळ कापली नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. महापालिकेकडून मी पैसे मागत नाही. "खड्डे बुजत नाहीत आणि यांना नाच हवाय" हे वाक्य मला पाठ आहे, आणि रोज सिंहगड रस्त्याने जाणाऱ्या माणसाला ते मनापासून पटतंही. मी मागतो ते पडून असलेलं मागतो. आठवड्याच्या सुरुवातीची सकाळची सत्रं अनेक रंगमंदिरांत रिकामी जातात, हे बुकिंगच्या वहीत दिसतं. वर्षातून तीन-चार नृत्यप्रयोगांना तीन दिवस सलग द्या, सवलतीत द्या, एवढ्या एका अटीवर: करारात पुणे सहनिर्माता असेल, आणि प्रयोग परत इथे होईल, दोनदा तरी. शहराने मिळून एक मार्लीचा संच विकत घ्यावा आणि तो कोणत्याही गटाला भाड्याने मिळावा. लग्नाच्या मांडवाला जशा सतरंज्या मिळतात तसा.

दुसरा वाटा प्रेक्षकांनी टाकायचा आहे. हे लिहिताना मला माझेच मित्र दिसतात, जे फोन करून विचारतात, "पास आहे का रे?" परदेशी संस्थांच्या विनामूल्य कार्यक्रमांनी आपल्याला लावलेली ही सवय आहे, आणि पुणेकराला ती लावायला फार कष्ट पडले नसणार. पाचशे रुपयांपर्यंतच्या नृत्याच्या तिकिटावर जीएसटीसुद्धा नाही. दोनशे रुपये देऊन आलेला माणूस नाराज होऊन बाहेर पडला तरी चालेल; त्याने पैसे दिलेत, तो भांडेल. समकालीन नृत्याला पुण्यात भांडणारा प्रेक्षक फारसा मिळालेलाच नाही. आपण सगळे फार सभ्यपणे टाळ्या वाजवतो.

तिसरी गोष्ट नर्तकांसाठी, आणि ती कटू आहे. पत्रिकेवर 'संकल्पना व नृत्यदिग्दर्शन' पुढे पाहुण्याचं एकट्याचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'नर्तकांच्या सहभागातून'. त्या तिहाईचं श्रेय कुणाचं? आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात, १९५७ पासून, नृत्यरचना ही नाट्यकृतीत धरलेली आहे, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असेल तर. तालमीचं चित्रीकरण ज्याच्या कॅमेऱ्यात, नोंद त्याच्याकडे. सही करण्याआधी करार वाचा, आणि समजला नाही तर वकील मामा-काका प्रत्येक मराठी घरात एक तरी असतोच, त्याला दाखवा. परदेशी माणूस यावर रागावत नाही. उलट त्याला आश्चर्य वाटतं की आपण इतके दिवस विचारलं कसं नाही.

एक गोष्ट राहते आणि ती मला टोचते. या सगळ्या देवाणघेवाणीत येणारी मुलं-मुली इंग्रजी बोलणारी असतात, कोथरूड-औंध-कल्याणीनगरची, माझ्यासारख्यांच्या ओळखीतली. सोलापूर रस्त्याने दीड-दोन तास गेलं की चौफुल्याला कला केंद्रं आहेत. तिथे एखादी बाई बसल्या जागी, नुसत्या नजरेने आणि एका बोटाने, अख्खी लावणी उभी करते. चेहऱ्याने बोलू नकोस असं तिला सांगून पाहा! समकालीन नृत्याला शरीराच्या नव्या भाषा हव्या असतील तर ब्रेमेनपेक्षा चौफुला जवळ आहे. पण तिथे अर्ज पोचत नाही, कारण अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीत असतो, सोबत 'कलाविषयक भूमिका' पाचशे शब्दांत मागितलेली असते. हे बदलणं परदेशी संस्थेचं काम नाही. ते आमच्यासारख्या समन्वयकांचं आहे, आणि आम्ही ते केलेलं नाही. मीही केलेलं नाही.

त्या प्रयोगानंतर पाहुण्यांनी जाताना आपली मार्ली आम्हाला भेट दिली. विमानाने परत नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता हे खरं कारण, पण भेट म्हणून दिली. सहा गुंडाळे, प्रत्येक माणसाच्या उंचीपेक्षा मोठा. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या कथकच्या मुलीच्या क्लासच्या जिन्यात उभे केले. अजून तिथेच आहेत. क्लासला येणाऱ्या छोट्या मुली त्यांच्याआड लपाछपी खेळतात, आणि घरमालक दर महिन्याला भाडं घेताना न चुकता विचारतात, "हे तुमचं जर्मन सामान कधी हलवताय?"